गळ्यात नळी असलेलं लेकरू गावात घरी आणताना

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड असतं, औषधांची पिशवी असते आणि "सक्शन मशीन घ्या, ऑक्सिजनची सोय करा" एवढं एक वाक्य असतं. बाकीचं गावात आल्यावर कळतं, आणि बहुतेक रात्रीच कळतं.

आमची छकुली आता सात वर्षांची आहे. जन्मली तेव्हा रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, सेरेब्रल पाल्सी झाली. गिळताना दूध छातीत जायचं, वर्षातून तीन-चारदा न्यूमोनिया. चौथ्या वर्षी एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर होती. मग गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवली, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी. दूध-पेज पोटातल्या नळीने जातं, रात्री झोपेत थोडा ऑक्सिजन लागतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून अठरा किलोमीटर. नागपूर तीन तासांवर. मी मोटरपंप बांधायचं काम करतो, त्यामुळे खाली लाईनबद्दल, म्हणजे विजेबद्दल, जरा जास्तच लिहिलं गेलंय. पण ज्यांची फसगत झालेली बघितली, त्यातल्या निम्म्यांची तिथेच झाली.

मी डॉक्टर नाही. नळीचा नंबर, किती लिटर ऑक्सिजन, कोणत्या आकड्याला पळायचं, हे तुमच्या लेकराचे डॉक्टर ठरवतील. ते ठरल्यावर घरात कसं निभवायचं, एवढंच मी सांगतोय.

१. सुट्टीची घाई करू नका, आधी हात बसू द्या

दवाखान्यात महिना काढल्यावर कोणालाही घर दिसायला लागतं. तरी थांबा. घरातल्या किमान दोन माणसांनी, जमलं तर तिघांनी, पुढची कामं सिस्टरच्या समोर आपल्या हाताने केलेली असली पाहिजेत: सक्शन (नळीतला बेडका मशीनने ओढून काढणं), नळीची दोरी बदलणं, अख्खी नळी बदलणं, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायचा फुगा) दाबणं, पोटाच्या नळीने भरवणं. बघितलं आणि केलं यात फार फरक आहे. मी केसासारखी तार मोटरमध्ये बसवतो, पण पहिल्यांदा कॅथेटर, म्हणजे बेडका ओढायची बारीक नळी, हातात घेतलं तेव्हा हात लटलट कापायला लागले. बायको म्हणाली, "तुम्ही सरा बाजूला, मी करतो." तिने केलं. मला चार दिवस लागले. एका सिस्टरने जुनी नळी आणि कापडी बाहुली दिली होती, बाहुलीच्या गळ्यात भोक पाडून मी रात्री वऱ्हांड्यात बसून सराव करायचो.

शेवटच्या दोन रात्री सगळं आम्ही करू, तुम्ही फक्त बघा, असं सिस्टरना विचारा. बहुतेक आनंदाने हो म्हणतात.

निघण्याआधी एवढं कागदावर लिहून घ्या, तोंडी नको:

- नळीचा नंबर, कंपनी, तिला कफ (नळीभोवतीचा फुगा) आहे की नाही, किती दिवसांनी बदलायची
- सक्शन कॅथेटरचा नंबर आणि ते किती सेंटीमीटर आत घालायचं
- ऑक्सिजन किती, कधी, आणि ऑक्सिमीटरवर किती आकडा चालेल
- नळी निघाली तर नाका-तोंडावाटे श्वास चालू शकतो का

शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. काही लेकरांचा वरचा श्वासमार्ग मोकळा असतो, काहींचा अरुंद किंवा बंद. अडचणीच्या वेळी काय करायचं ते यावर ठरतं, आणि त्या वेळी फोन लावून विचारायला सवड नसते.

२. सामान: काय घ्यायचं आणि कुठे फसतात

सक्शन मशीन सगळ्यात आधी. ऑक्सिजनशिवाय काही लेकरांचं काही वेळ निभतं, नळीत बेडका अडकला तर मिनिटंसुद्धा नसतात. विजेवर आणि बॅटरीवर दोन्हीवर चालणारं घ्या. सोबत पायाने दाबायचं सक्शनही घ्या. ते स्वस्त असतं, कुरूप दिसतं, धूळ खात पडून राहतं, आणि एक दिवस तेच कामी येतं.

ऑक्सिमीटर लहान मुलांच्या बोटाला बसेल असाच हवा. मोठ्यांचा चिमटा छोट्या बोटावर भलताच आकडा दाखवतो. हात गार असले, लेकरू हात हलवत असलं किंवा बोटाला मेंदी-नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकू शकतो. लग्नाच्या घरी मावशीने प्रेमाने मेंदी लावली की तुमची रात्र गेली समजा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, शेवटी घ्या, आणि डोळे उघडे ठेवून घ्या. कोरोनात २०२१ साली अशी मशीनं गावोगाव आली. आता ती कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोदामात पडून आहेत आणि निम्म्या भावात विकली जातात. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. मशीन वर्षानुवर्षं बंद राहिलं आणि ओल शिरली की दाणे निकामी होतात. मशीन घरघरतं, काचेतली गोळी दोन लिटरवर छान नाचते, पण निघते ती जवळपास साधी हवा. एका दुकानदाराकडून मी बावीस हजारांना असंच मशीन आणलं होतं. पोरीचा आकडा काही केल्या वर येईना, आम्हाला वाटलं तिचीच तब्येत बिघडली. दवाखान्यात शुद्धता मोजली तर निम्मीही नव्हती.

म्हणून दुकानातच ऑक्सिजन अॅनालायझर लावून मोजायला सांगा. चांगलं मशीन ९० ते ९५ टक्के देतं. सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबून मग मोजा, आणि मशीन ज्या सगळ्यात जास्त लिटरचा दावा करतं तिथेही मोजा. काही हलकी मशीनं एक लिटरला ९० टक्के देतात आणि सात लिटरला ३०. अॅनालायझर नाही म्हणणाऱ्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा.

लहान लेकराला पाव किंवा अर्धा लिटर लागत असेल तर मोठ्यांच्या फ्लोमीटरवर तेवढं नीट धरता येत नाही. लहान मापाचा वेगळा फ्लोमीटर मागा.

बाकी नेहमीचं: अंबू बॅग (लेकराच्या मापाची, मास्कसह), नेब्युलायझर, सलाईनच्या छोट्या बाटल्या, नळीच्या दोऱ्या, गॉज, नळीच्या तोंडावर लावायचं एचएमई फिल्टर. आपलं नाक हवेला ऊब आणि ओल देतं, ते काम नळीच्या लेकरासाठी हे फिल्टर करतं. ते नसेल तर बेडका सुकून गोंदासारखा होतो, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर दोन तासांत.

३. लाईन

आमचा पहिला आठवडा. मे महिना, वळवाचा पाऊस, वीज कडाडली आणि गावाची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली. तीस तास लाईन नव्हती. इन्व्हर्टर रात्री अकराला मेला, सिलेंडर पहाटे दोनला. पोरीला बायकोच्या मांडीवर घेऊन, पायाने सक्शन दाबत, शेजाऱ्याच्या गाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. तिथे जनरेटर होता. प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपर्यंत बसलो. त्यानंतर मी वहीत हिशेब मांडला. तो तुम्ही आधीच मांडा.

पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातं (नेमका आकडा मशीनच्या मागे लिहिलेला असतो). १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास. पण बॅटरी पूर्ण कोरडी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातं. हातात तीन ते साडेतीन तास येतात. त्यावर पंखा आणि टीव्ही लावला तर दोन. दुकानदार "रात्रभर चालेल" म्हणतो ते दोन दिवे आणि एका पंख्याच्या हिशेबाने.

इन्व्हर्टर घेताना दोन गोष्टी बघा. एक, प्युअर साईन वेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर मशीनची मोटर गरम होते, गुरगुरते आणि लवकर जळते. अशा मोटरी मी रोज बांधतो. दुसरी, मशीनमध्ये कॉम्प्रेसर असतो आणि तो सुरू होताना क्षणभर दोन-तीन पट करंट ओढतो. म्हणून ३५० वॅटच्या मशीनला ४०० चा इन्व्हर्टर पुरत नाही, एक हजार व्हीएच्या आसपासचा लागतो.

मशीनच्या आधी स्टॅबिलायझर लावा. जिथे गावठाण फिडर (घरांची लाईन) शेतीपासून वेगळा आहे तिथे बरं असतं. पण ज्या डीपीवर शेतीचे पंपही लटकलेत, तिथे पंप सुरू झाले की २३० चं व्होल्टेज १७० वर उतरलेलं मी मीटर लावून बघितलंय. तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे असतील तर विचारूच नका. मशीनसाठी बोर्डावरून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी घ्या, अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका, आमची काळी जमीन भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

सोलरबद्दल बरेच जण विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून घराच्या छतासाठी अनुदान मिळतं, आणि ते घ्यायला हरकत नाही. पण त्यातलं साधं, ग्रीडला जोडलेलं सोलर लाईन गेली की स्वतःही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भर उन्हात छतावर पॅनेल चमकतंय आणि घरात मशीन बंद, असं होतं. लेकरासाठी हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असलेलंच सांगा.

बिल वाढतं. दहा तास मशीन चाललं तर दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभराच्या वर. शंभर युनिटच्या पुढे दरही चढतो. आधीच धरून चला.

महावितरणच्या कार्यालयात साधा अर्ज द्या: घरात श्वासाच्या मशीनवरचं लेकरू आहे, ग्राहक क्रमांक अमुक, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. पोच घ्या. याने लाईन जायची थांबत नाही. पण लाईनमनला घर माहीत होतं, आणि ठरलेला बंद असला की आमचा लाईनमन आदल्या दिवशी फोन करतो. तक्रारीचा नंबर १९१२.

४. सिलेंडरचा हिशेब

मशीन असलं तरी एक भरलेला सिलेंडर घरात पाहिजेच. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं की पूर्ण शुद्धतेला यायला पाच-दहा मिनिटं घेतं, तोवरही हाच लागतो.

आपल्याकडे घरी बहुधा बी टाईप सिलेंडर देतात. पूर्ण भरलेला, म्हणजे काटा १५० वर, तर आत साधारण १५०० लिटर. मिनिटाला एक लिटर लावलं तर २५ तास, अर्धा लिटर लावलं तर ५०. सोपं सूत्र: काट्यावरचा आकडा गुणिले १०, भागिले मिनिटाचे लिटर, म्हणजे किती मिनिटं उरली. काटा ६० वर आहे आणि एक लिटर चालू आहे, तर ६०० मिनिटं, दहा तास. मी हे कोळशाने भिंतीवरच लिहिलंय. काटा ५० च्या खाली आला की भरायला न्यायचा, मग लाईन असो-नसो.

आता माझ्यासारख्या कारागिरांसाठी खास. रेग्युलेटरचा आटा घट्ट बसला की आपला हात तेलाच्या डब्याकडे जातो. तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका उडतो. मी ग्रीसचं बोट घेऊन उभा होतो तेव्हा सिलेंडर आणणाऱ्या पोराने हात धरला. लेकराच्या ओठांना-नाकालाही व्हॅसलीन नको, पाण्याचा आधार असलेलं मलम डॉक्टरांना विचारा.

वेल्डिंगवाल्याचा सिलेंडर ओळखीत लगेच मिळतो. घेऊ नका. वैद्यकीय सिलेंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा असतो, वेल्डिंगचा नुसता काळा. आतून ते किती स्वच्छ ठेवतात हे मला माहीत आहे, मी ते वापरतो. सिलेंडर साखळीने भिंतीला बांधा. दहा फुटांत चूल, दिवा, बिडी नको. देवघर त्याच खोलीत असेल तर देवघर हलवा. आमच्या आईने दोन दिवस तोंड फुगवलं, मग स्वतःच देव उचलून पडवीत नेले.

५. खोली

लेकराची खोली टिनाखाली नको. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. बहुतेक कॉन्सन्ट्रेटर ४० डिग्रीपर्यंतच चालायला बनवलेले असतात, त्यापुढे ते गरम होऊन ओरडतात किंवा बंद पडतात. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याच्या मागे नाही, पलंगाखाली नाही. मागचा स्पंजसारखा फिल्टर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावायचा.

ओल देणाऱ्या बाटलीत मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून गार केलेलं पाणी टाका आणि रोज बदला. पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं ते डिस्टिल्डच ना, म्हणून एकाने तेच भरलं होतं. ते बॅटरीसाठीच असतं.

कूलर चालतो, पण झोत थेट लेकरावर नको, आणि टाकीतलं पाणी दोन दिवसांच्या वर ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांना बुरशी धरली की तीच हवा नळीत जाते.

धूर तर नकोच. पऱ्हाटीची चूल, गोवऱ्या, कासव छाप, ऊद, सगळं बाहेर. मच्छरदाणी लावा.

आणि कापूस. वेचा झाला की भाव चढेपर्यंत कापूस घरातच रचायची आपली रीत आहे, मधल्या खोलीत छतापर्यंत. नळीच्या लेकराच्या घरात हे चालत नाही. कापसाचा तूस नळीत जातो, बेडक्यात गुंततो आणि बुच बसतं. आम्ही पहिल्या वर्षी मधे पडदा लावला, वाटलं भागेल. आठ दिवसांत सक्शन दुप्पट झालं, मशीनचा फिल्टर पांढरा. मग कापूस चुलत्याच्या घरी. टाल्कम पावडर, फुगलेली गोधडी आणि केस गळणारं मांजर यांचंही तेच.

फवारणीचे दिवस वेगळेच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले, हे कोणी विसरलेलं नाही. जुलै ते ऑक्टोबर घराला लागून शेत असेल तर शेजाऱ्याला आधी सांगायला सांगा, त्या दिवशी त्या बाजूची दारं-खिडक्या बंद. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराजवळ यायचं. तिचा बाप असला तरी.

६. सक्शन, रोजचं

घड्याळ लावून सक्शन करायचं नसतं. खरखर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी फेस दिसला, लेकरू अस्वस्थ झालं, आकडा घसरला, की करायचं. झोपून उठल्यावर आणि भरवायच्या आधी करायचंच. भरवल्यावर लगेच केलं तर उलटी होऊन ती छातीत जायची भीती असते.

- हात साबणाने धुवा. नखं कापलेली असू द्या.
- कॅथेटरचा नंबर नळीच्या नंबरच्या दुप्पट, असा ढोबळ हिशेब. ४ ची नळी, तर ८ चं कॅथेटर. त्याहून जाड घातलं तर लेकराला श्वासाला जागाच उरत नाही.
- मशीनचा दाब ८० ते १०० मिलिमीटरवर, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. लवकर निघावं म्हणून वाढवू नका, आतली त्वचा सोलते.
- ठरलेल्या मापाएवढंच आत. घरातल्या सुट्या नळीत कॅथेटर घालून टोक जेमतेम बाहेर आलं की तिथे खूण करायची, तेच माप. आमची खूण पलंगाच्या कडेला चिकटपट्टीवर आहे.
- आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू. आत-बाहेर मिळून पाच ते दहा सेकंद. मी मनात "एक गणपती, दोन गणपती" मोजतो, सहाव्या गणपतीला कॅथेटर बाहेर.
- लेकराला दम घेऊ द्या, आकडा वर येऊ द्या, मग पुन्हा.

पातळ पांढरं निघालं तर ठीक. हिरवं-पिवळं, घट्ट, वासाचं निघालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एखादी लाल रेघ जास्त सक्शनने दिसते, ताजं रक्त आलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. सलाईनचे थेंब प्रत्येक वेळी टाकायची गरज नसते, बेडका घट्ट असेल तेव्हाच आणि सांगितलं असेल तेवढेच.

सक्शनची बाटली रोज रिकामी करून साबणाने धुवायची. कॅथेटर पुन्हा वापरायचं का, कसं धुवायचं, हे तुमच्या दवाखान्याने सांगितलं तसंच करा. चार घरच्या चार रीती एकत्र करू नका.

दोरी बदलायला कायम दोन माणसं. एक नळी धरतो, दुसरा दोरी बांधतो. दोरी आणि मानेमध्ये एक बोट जाईल इतकीच ढिली. आंघोळ बसवून, पाणी छातीच्या खालीच, तांब्या गळ्यावर ओतायचा नाही.

भरवताना डोक्याची बाजू उंच, आणि भरवल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच. छकुलीचे न्यूमोनिया कमी झाले त्यात औषधाइतकाच या उशांचा वाटा आहे, असं माझं मत आहे. पाठ थोपटायची ती तळहाताचा द्रोण करून, फिजिओथेरपीच्या ताईंनी दाखवलं तसं, आणि रिकाम्या पोटी.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. नळीच्या लेकराचा रडण्याचा आवाज येत नाही. हवा गळ्यातूनच निघून जाते. अंधारात ते रडतंय की झोपलंय, कळत नाही. आईने छकुलीच्या पायात घुंगराचे पैंजण घातले. तिला त्रास झाला की पाय झाडते. ऑक्सिमीटरच्या भोंग्याआधी पैंजण वाजतं, कितीदा तरी.

७. पळायचं कधी

चांगल्या दिवशी, शांत झोपेत, एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजून लिहून ठेवा. छकुलीचे २४. तिच्यासाठी ४० म्हणजे गडबड. दुसऱ्या लेकराचा हिशेब वेगळा असेल.

बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, नाकपुड्या फुगताहेत, ओठ-जीभ निळसर, अंगाला गार घाम, किंवा नेहमी टकमक बघणारं लेकरू सुस्त झालंय, तर आकडा काहीही दाखवत असो, निघा. ऑक्सिजन वाढवून सकाळची वाट बघायची नाही. आकडा सुधारला की आपल्याला बरं वाटतं आणि आतला आजार वाढत राहतो. अशी एक रात्र आम्ही घालवली आहे.

८. नळी बंद पडली किंवा निघाली तर

ही तयारी कायम एका पिशवीत, लेकराच्या डोक्याशी. लेकरू जिथे जाईल तिथे पिशवी, अगदी अंगणातसुद्धा:

- त्याच नंबरची एक नळी, एक नंबर लहान एक नळी, दोऱ्या
- कात्री, कॅथेटर, सलाईन, सिरिंज, पाण्याचं जेल
- अंबू बॅग आणि मास्क, पायाचं सक्शन
- मापांचा आणि फोन नंबरांचा कागद, प्लॅस्टिकमध्ये

क्रम असा. सक्शन करून बघा. कॅथेटर आत जातच नसेल तर नळी बंद आहे, दोरी कापा, नळी काढा, नवी घाला. जात नसेल तर खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे करा, लहान नंबरची घाला. तीही गेली नाही, तर पहिल्या भागातल्या त्या शेवटच्या प्रश्नाचं (नाका-तोंडावाटे श्वास चालतो का) उत्तर इथे लागतं: वरचा मार्ग मोकळा असेल तर गळ्याचं छिद्र गॉजने दाबून तोंडा-नाकावर मास्क लावून अंबू बॅग. मोकळा नसेल तर छोटा मास्क गळ्याच्या छिद्रावरच. हे एकाने करत राहायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. नळी आत बसली आणि लेकरू सावरलं, तरी दवाखान्यात दाखवायचं.

महिन्यातून एकदा आम्ही बाहुलीवर याची तालीम करतो. भाचीचा वेळ सगळ्यात कमी लागतो, ती पंधरा वर्षांची आहे.

९. गावाला आधीच सांगून ठेवा

आशाताई, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, शेजारचे दोघे आणि गाडी असलेला एक, एवढ्यांनी लेकराला एकदा बघितलेलं असू द्या. आरोग्य केंद्रात पहिल्या वेळी गेलात तर गळ्यातली नळी बघून तिथली माणसंही गोंधळतात, त्यांचा दोष नाही. बरं असताना नेऊन दाखवा, नळीचा नंबर त्यांच्याकडे लिहून ठेवा.

१०८ ला फोन केला की पत्ता विचारतात. "मारुतीच्या देवळामागे" त्यांना कळत नाही. डांबरी रस्त्यावरचा फाटा, तिथून किती किलोमीटर, पुलावर पाणी असतं का, हे दोन वाक्यांत लिहून भिंतीवर लावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं गावही सांगता येत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर फाट्यापर्यंत आपणच न्यायचं ठरवून ठेवा.

१०. कागदं

रेशनकार्ड, आधार (लेकराचंही), जन्मदाखला, आई-बापाचं बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो, डिस्चार्ज कार्डं. प्रत्येकी पाच झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नका.

- महात्मा फुले जन आरोग्य योजना: दवाखान्यात भरती झाल्यावरचे ठरलेले उपचार यात होतात, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. घरच्या मशीनचं बिल यात बसत नाही. भरतीच्या पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) भेटा, सुट्टीच्या दिवशी नाही. चौकशीचा नंबर १५५३८८.
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र): ऑनलाइन अर्ज, मग जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी. पुढचं जवळजवळ सगळं यावर अडतं, म्हणून आधी हे. तपासणीच्या दिवशी सक्शन आणि पिशवी सोबत, रांग लांब असते.
- निरामय: सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.
- संजय गांधी निराधार योजना: तहसीलमध्ये अर्ज, दरमहा मदत.
- ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी: स्वतःच्या उत्पन्नातला एवढा भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत लेखी मागा. आमच्या बॅटरीचे काही पैसे त्यातून आले, तिसऱ्या अर्जाला.

जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी केंद्र (लेकरांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं) असतं, तिथे फिजिओथेरपी आणि भरवण्याचा सल्ला फुकट मिळतो. लसी चुकवू नका. न्यूमोनियाची पीसीव्ही सरकारी लसीकरणात आहे, फ्लूची दरवर्षीची लस विकत घ्यावी लागते. घरातल्या सर्दीवाल्याने मास्क लावायचा.

११. झोप

पहिले तीन महिने आम्ही दोघंही जागे राहायचो. एक दिवस दुपारी मी चालू मोटरवर हात टाकला, थोडक्यात वाचलो. त्यानंतर पाळ्या लावल्या. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं, जवळ झोपलं तर झोप लागत नाही. आठवड्यातून एक रात्र भाचीची आणि आईची, तेव्हा आम्ही दोघंही झोपतो. पाहुण्यांना "काही मदत लागली तर सांगा" म्हणायची सवय असते. त्यांना नेमकं सांगा: रविवारी सिलेंडर भरून आणा, बुधवारी दोन तास बसा.

दहा ते दोन माझी पाळी. दोनला बायकोला उठवतो, काट्यावरचा आकडा आणि शेवटचं सक्शन किती वाजता झालं ते सांगतो, आणि पैंजण जागेवर आहे ना ते चाचपून झोपायला जातो.